तिकिटावर सव्वादोन तास, मग आठशेचा स्पीड जातो कुठे?

प्रश्न: आम्ही सिंहगड रोडला राहतो. जानेवारीत लेकीचा दिल्लीला नोकरीचा इंटरव्ह्यू आहे, सकाळी अकराला. पुणे-दिल्ली अंतर एकीकडे १,४५० किलोमीटर दाखवतंय, दुसरीकडे १,१६०, खरं कुठलं धरायचं? आणि विमान ताशी आठशेने जातं ना, मग तिकिटावर सव्वादोन तास का? पहाटेच्या विमानाने त्याच दिवशी गेलेलं चालेल का?

उत्तर: ताई, आकडे दोन्ही बरोबर आहेत. १,४५० हे साधारण रस्त्याचं आणि १,१६० च्या आसपास हे लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, ते दिल्ली सरळ हवाई अंतर, विमानासाठी तेच धरायचं. आता १,१६० भागिले ८०० केलं तर दीड तासाच्या आत उत्तर येतं, पण तिकिटावरची वेळ नुसती उडण्याची नसतेच, विमान इथल्या पार्किंगमधून हललं की सुरू होते आणि तिथे जाऊन उभं राहिलं की संपते. लोहगावला धावपट्टी एकच, तीसुद्धा एअर फोर्सची, त्यामुळे लढाऊ विमानं सराव करत असली की प्रवासी विमानाला थांबावं लागतं. पट्टी आहे पूर्व-पश्चिम आणि दिल्ली उत्तरेला, म्हणजे उडाल्यावर आधी वळायचं. दहा हजार फुटांच्या खाली स्पीड साडेचारशेच्या आसपासच ठेवतात, उतरायची तयारी दिल्लीच्या जवळजवळ दोनशे किलोमीटर आधीपासून सुरू होते, आणि चाकं टेकल्यावरही दिल्लीत गेटपर्यंत जायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागू शकतात. शिवाय कंपन्या उशीर धरून थोडी जास्तीची वेळ लावूनच ठेवतात, म्हणून कधीकधी विमान वेळेआधी पोहोचतं.

पण खरी काळजी जानेवारीची आहे. दिल्लीत तेव्हा पहाटे दाट धुकं असतं, विमानं वर घिरट्या घालतात, जयपूरला वळवतात, नाहीतर पुण्यातूनच उशिरा सोडतात. अकराच्या इंटरव्ह्यूला पहाटेच्या विमानाचा भरवसा अजिबात धरू नका, आदल्या दिवशी दुपारचं घ्या आणि रात्री तिथेच राहा. मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे, हॉटेलच्या एका रात्रीचा खर्च बघू नका हो. आणि घरून निघताना सिंहगड रोड ते लोहगाव हे अंतर आधी बघा, येरवड्याचं ट्रॅफिक लागलं तर गाडीतच दीड तास जातो, आणि देशातल्या विमानांचं बॅग घ्यायचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, मग कितीही विनवण्या करा, बॅग घेत नाहीत.

प्रश्न: पुणे-दुबई तिकिटावर आठला सुटून पावणेदहाला पोहोचतं लिहिलंय. पावणेदोन तासात दुबई?

उत्तर: नाही दादा, सव्वातीन तास. सुटायची वेळ पुण्याची, पोहोचायची दुबईची, आणि दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. येताना उलटं होतं, तिकिटावर साडेचार तास वाटतात आणि प्रत्यक्षात तीनच्या आसपास लागतात, कारण हिवाळ्यात वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि येताना विमानाला तो पाठीमागून मिळतो. कोलकात्याला जाता-येतानाही वाऱ्याचा हा फरक दिसेल, फक्त तिथे जाताना वेळ कमी लागेल. तिकिटावर एकूण प्रवासाचा वेळ वेगळा छापलेला असतो, तो बघा, आणि घ्यायला येणाऱ्यांना तिथली वेळ सांगा.