घर लहान आहे, पण अंधारं का असावं?

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, घर लहान, सामान भरपूर आणि दिवसासुद्धा लाइट लावावे लागतात. त्यातली पाच इथे घेतलीत. पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलंय, पण ते नीट वाचा, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: ताई, आमचा एका बेडरूमचा फ्लॅट आहे, हॉलला एकच खिडकी. मागच्या वर्षी सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र करून घेतल्या तरी दुपारनंतर हॉल राखाडी आणि उदास दिसतो. रंग चुकला का? आता कुठला लावू?

उत्तर: रंगाचा डबा आणायच्या आधी खिडकीपाशी जाऊन उभं राहा. पांढरा रंग उजेड तयार करत नाही, त्याच्यावर पडलेला उजेड तो परत खोलीत पाठवतो, पण पडतच नसेल तर पाठवणार काय? शेडकार्डवर बऱ्याचदा एलआरव्ही म्हणून एक आकडा दिलेला असतो, शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. चांगला पांढरा ८० ते ९० च्या घरात असतो, तुमचाही असेलच. तेव्हा ८५ चा काढून ८८ चा लावलात तर पैसे जातील, हॉल तसाच राहील.

खिडकीवर काय काय आहे ते मोजा. पडद्याचा रॉड चौकटीएवढाच असेल तर पडदे पूर्ण सरकवले तरी दोन्ही बाजूंना वीतभर काच झाकलेलीच राहते. रॉड दोन्हीकडे २०-२५ सेंटिमीटर बाहेर न्या, म्हणजे पडदा गोळा होईल तो भिंतीवर. वरती झालर किंवा पेल्मेट असेल तर ते आधी काढा, कारण खोलीत आतपर्यंत पोचणारा उजेड खिडकीच्या वरच्या भागातून येतो. एक ढोबळ हिशोब आहे, खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामाचा उजेड जातो. म्हणजे कड २ मीटरवर असेल तर चार-पाच मीटर. आता झालरीने वरचे ३० सेंटिमीटर झाकले तर आतली जवळजवळ पाऊण मीटर खोली तुम्ही स्वतःच अंधारात टाकली.

आणि जाळी. एका घरी सगळे रंगाच्या चर्चेत होते तेव्हा मी मच्छरजाळीवरून बोट फिरवलं तर बोटावर काळी रेघ उमटली. दोन पल्ल्यांपैकी एकाच पल्ल्याची जाळी काढून साबणाने धुतली आणि परत लावली, तर त्या बाजूची फरशी उजळ आणि दुसऱ्या बाजूची मळकट, मधे रेघ ओढल्यासारखा फरक. त्या दिवशी रंगाचा विषयच निघाला नाही परत.

त्यानंतर खिडकीला लागून असलेल्या दोन बाजूच्या भिंती बघा. उजेड त्यांच्यावरून सरकत आत येतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यात किमती भिंती त्याच, आणि नेमकं तिथेच आपण उंच कपाट नाहीतर फ्रिज उभा करतो. उंच वस्तू आतल्या टोकाला दाराजवळ न्या, खिडकीशेजारी कमरेच्या वर काही नको.

एवढं करूनही राखाडी वाटलं तरच रंग. थेट ऊन न येणाऱ्या खोलीत निळसर झाक असलेला पांढरा मरगळलेला दिसतो, तिथे किंचित पिवळसर किंवा तांबूस झाक असलेला घ्या. भिंतीवर छोटा चौकोन मारून ठरवू नका कारण शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. एका मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री लाइट लावून, वेगवेगळ्या भिंतींवर धरून बघा. छत मात्र साधं मॅट पांढरं. चकचकीत फिनिशमुळे उजेड वाढतो असं खूप जण सांगतात, प्रत्यक्षात प्लास्टरमधला प्रत्येक उंचवटा तेवढा दिसायला लागतो.

रात्रीचं म्हणाल तर छताच्या मधोमध एकच दिवा ठेवला की कोपरे काळे राहतात आणि कोपरे काळे राहिले की खोली आहे त्याहून लहान वाटते. दोन-तीन कमी पॉवरचे दिवे भिंतीवर उजेड पडेल असे लावा. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो जितका कमी तितका उजेड पिवळसर. हॉल-बेडरूममध्ये २७०० ते ३००० केल्विन, ओट्यावर ४००० आणि त्याच खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त लिहिलेला बघा, नाहीतर माणसांचे चेहरेसुद्धा फिके दिसतात.

प्रश्न: आम्ही चौघं आहोत आणि घरात पसाराच पसारा. सुतार म्हणतो एक पूर्ण भिंत भरून स्टोरेज करून घ्या, सगळं आत जाईल. करून घेऊ का?

उत्तर: करा, पण तीन महिन्यांनी. आत्ता केलंत तर आहे तो सगळा पसारा दारांमागे जाईल आणि बाहेर नवा साठेल, मी हे फार वेळा बघितलंय आणि वाईट वाटतं कारण तोवर पैसे आणि जागा दोन्ही गेलेले असतात.

आधी आठवडाभर नुसतं बघा की बाहेर काय पडलेलं असतं. बहुतेक घरांत त्याच त्याच वस्तू निघतात, चाव्या, चार्जर, चपला, पाठीवरच्या बॅगा, एकदा घातलेले पण अजून धुवायला न टाकलेले कपडे. या वस्तू पडतात कारण जिथे त्या हातातून सुटतात तिथे त्यांना जागा नाही. भिंतभर कपाट बेडरूममध्ये करून दारात पडणाऱ्या बॅगेचा प्रश्न सुटत नाही, तिथे चार हूक आणि एक उथळ चपलांचं कपाट लागतं. त्या एकदाच घातलेल्या कपड्यांनासुद्धा एक खुंटी द्या, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही.

मग कपाट आत किती खोल हवं ते ठरवा. हँगरला कपडे टांगायचे तर ६० सेंटिमीटर लागतातच, पण घडीच्या कपड्यांना ४० पुरतात आणि पुस्तकांना २५-३०. सुतार सवयीने सगळंच ६० करतो, मग मागच्या रांगेत काय आहे हे वर्षभर कुणाला कळत नाही आणि जमिनीची जागा जाते ती वेगळीच.

काम द्यायच्या आधी मास्किंग टेपने जमिनीवर कपाटाचा आकार आखा, दार उघडल्यावर कुठवर येईल तेही, आणि आठवडाभर त्या रेषेच्या आत पाय न ठेवता वावरा. जायच्या-यायच्या वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर हवेत, सोफा आणि टीपॉयमध्ये ४०-४५ पुरतात. ८० सेंटिमीटरचं एक दार उघडताना जवळपास अर्धा चौरस मीटर जमीन अडवतं, त्यामुळे जिथे जमेल तिथे सरकतं दार घ्या.

कपाट करायचंच तर थेट छतापर्यंत करा आणि भिंतीच्याच रंगात, नक्षी-हँडल काही नको, म्हणजे ते भिंत म्हणूनच वाचलं जातं. वर हातभर फट ठेवलीत की तिथे सुटकेसा चढणार हे नक्की. उलट सोफा आणि पलंग शक्यतो पायांवर उभे असू देत, खालून जमीन पलीकडच्या भिंतीपर्यंत दिसली की खोली मोठी वाटते. पलंगाखाली स्टोरेज हवंच असेल तर ते घ्या, पण मग सोफा तरी मोकळा सोडा. उघडे शेल्फ एखादंच ठेवा. फोटोत छान दिसतात, घरात त्यावर दोन महिन्यांत औषधं आणि बिलं येऊन बसतात.

प्रश्न: किचन फारच चिंचोळं आहे. हॉल आणि किचनमधली भिंत पाडून ओपन किचन करावं का?

उत्तर: भिंत वरचा भार पेलणारी आहे की नुसती आडोशाची हे स्ट्रक्चरल इंजिनियरने बघून लेखी दिल्याशिवाय हातोडासुद्धा लावू नका, ठोकून पोकळ आवाज आला म्हणजे पाडता येते असं अजिबात नसतं. वरच्या माणसांचं घर तुमच्या भिंतीवर उभं असू शकतं.

आणि चिंचोळं म्हणजे वाईट असंही नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक किचन आखलं, जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. काम करणाऱ्या बाईची पावलं किती पडतात याचा विचार करून प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर, टेकून बसायला फिरतं स्टूल, दारं सरकती, आणि अशी साधारण दहा हजार किचन्स तिथे बसवली गेली. तुमचंही किचन तसंच मोजा. सिंक, गॅस आणि फ्रिज यांच्यामध्ये तुम्ही दिवसातून किती वेळा फिरता ते बघा, मग कळेल की भिंत अडवतेय की फ्रिज चुकीच्या जागी आहे.

उजेडच हवा असेल आणि इंजिनियर हो म्हणाला तर भिंतीचा वरचा भाग काढून तिथे काच बसवा. वास आणि आवाज किचनमध्येच राहतो आणि उजेड पुढे जातो.

प्रश्न: मोठा आरसा आणि फॉल्स सीलिंग, दोन्ही करावं का?

उत्तर: आरसा हो, सीलिंग शक्यतो नाही. आरसा समोरचं दाखवतो, मग ते आकाश असो की कपड्यांचा ढीग, म्हणून खिळा ठोकायच्या आधी कुणालातरी तो धरून उभं करा आणि तुम्ही रोज बसता तिथे बसून बघा. फॉल्स सीलिंग १० ते १५ सेंटिमीटर उंची खातं, आधीच बुटक्या खोलीत ते डोक्यावर येतं. वायर लपवायच्या असतील तर फक्त कडेने अरुंद पट्टी करा.

प्रश्न: पैसे मोजके आहेत, सगळं एकदम जमणार नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: जे नंतर फोडल्याशिवाय करता येत नाही ते आधी, म्हणजे प्लंबिंग, वायरिंग आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. तिथे काटकसर करू नका. प्लगचे पॉइंट ठरवताना फर्निचर कुठे येणार ते आधी कागदावर काढा, नाहीतर सगळे प्लग पलंगामागे जातात आणि एक्स्टेंशनच्या वायरी जमिनीवर येतात. बाथरूममध्ये टाइल्स लावायच्या आधी पाणी साठवून किमान २४ तास ठेवायला सांगा आणि खालच्या घराच्या छतावर ओल येतेय का ते स्वतः जाऊन बघा. फरशी बदलायची असेल तर सगळ्या खोल्यांत एकच घ्या, मधे उंबऱ्याची पट्टी न टाकता. सुतारकाम पुढच्या वर्षी केलं तरी चालेल. रंगाचा शेवटचा हात मात्र सुतार गेल्यावरच, आणि उरलेल्या रंगाच्या डब्यावर शेडचा नंबर आणि खोलीचं नाव लिहून डबा घट्ट बंद करून ठेवा, पहिला ओरखडा पडेल तेव्हा तो लागेल.