वाचकांचे प्रश्न : नाटक बसवून पीएच.डी. करता येते का?

प्रश्न : मी एका बँकेत नोकरी करतो आणि गेली पंधरा वर्षे हौशी रंगभूमीवर नाटके बसवतो. मराठी विषयात एम.ए. असून ५८ टक्के गुण आहेत. माझी आजी आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणारी धवलारीण होती. तिच्याकडून आणि गावाकडच्या इतर बायकांकडून ऐकलेले धवले मी एका दीर्घांकात वापरले. मांडवात जे गाणे विधी पुढे नेते, ते रंगमंचावर आले की नुसते गोड पार्श्वसंगीत होऊन बसते, हे मला दर प्रयोगाला खटकते. याच विषयावर नाटक बसवून पीएच.डी. करावी, अशी इच्छा आहे. एका विद्यापीठातील प्राध्यापकांना भेटलो, तेव्हा ‘नाटकावर लिहा, नाटक करण्यासाठी पीएच.डी. नसते’ असे सांगून त्यांनी माझी बोळवण केली. त्यांचे म्हणणे बरोबर आहे काय?
– एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : त्या प्राध्यापकांचे म्हणणे त्यांच्या विभागापुरते बरोबर असू शकेल, एकंदरीत मात्र ते खरे नाही. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाने १९८४ मध्येच सर्जनशील कलांसाठी स्वतंत्र डॉक्टरेट सुरू केली. ब्रिटनमध्येही आज चित्र, नृत्य, नाटक, कादंबरी किंवा संगीतरचना प्रबंधाचा भाग म्हणून सादर करणे ही रुळलेली पद्धत आहे. या पद्धतीला मराठीत सर्वमान्य नाव अजून मिळालेले नाही. ‘सर्जनाधारित संशोधन’ म्हणावे, तर चालून जाईल. गंमत अशी की, नाटकाचाही प्रयोग आणि प्रयोगशाळेतलाही प्रयोगच, ही सोय आपल्या भाषेने आधीच करून ठेवलेली आहे.

आपल्या उपयोगाचा एक भेद लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ च्या सुमारास मांडला. कलेविषयी केलेले संशोधन, कलाकृतीसाठी केलेले संशोधन आणि कलेच्या द्वारे केलेले संशोधन या तीन निराळ्या गोष्टी आहेत. धवल्यांचे पाठ गोळा करणे, गावागणिक त्यांत पडणारे फरक नोंदवणे, धवलारणीचे लग्नविधीतील स्थान तपासणे हे पहिल्या प्रकारचे काम झाले. त्यासाठी लोकसाहित्याची चांगली चाकोरी आपल्याकडे आहे आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात लोककला अकादमीही आहे. आपण दीर्घांकासाठी बायकांकडे बसून चाली शिकलात, ते दुसऱ्या प्रकारचे. त्याचे फळ नाटकात उतरले आणि तिथेच राहिले. आपल्याला खटकते आहे ते मात्र तिसऱ्या प्रकारचे आहे. मांडवात वेळेची सूत्रे गाणारीच्या हाती असतात, रंगमंचावर ती दिग्दर्शकाच्या आणि प्रकाशयोजनाकाराच्या हाती जातात. धवल्याचे पार्श्वसंगीत होते ते यामुळे, की प्रेक्षक समोर अंधारात बसलेला असतो यामुळे, की विधीच खोटा असतो यामुळे? ग्रंथालयात बसून याचे उत्तर सापडणार नाही, ते तालमीतच शोधावे लागेल. पीएच.डी.साठी प्रश्न पुरेसा आहे की नाही, याची मी लावतो ती कसोटी हीच.

आता प्रश्न आहे म्हणून झालेले प्रत्येक नाटक संशोधन ठरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. नाटक चांगले होणे आणि त्यातून इतरांना वापरता येईल असे काही नवे कळणे या दोन गोष्टींची गल्लत हौशी आणि व्यावसायिक दोघेही करतात. एकच हळदीचा प्रसंग आपण तीन तऱ्हांनी बसवून पाहा : एकदा गडकरी रंगायतनसारख्या चौकटीच्या रंगमंचावर, एकदा गावातल्या अंगणात प्रेक्षकांना भोवती बसवून, आणि एकदा अशा अटीवर की गाणारी थांबेपर्यंत नटांनी पुढचे वाक्य घ्यायचे नाही. तिसरी तऱ्हा फसली आणि नट कंटाळून गेले, तर तीही नोंद मोलाची. कदाचित सर्वांत मोलाची.

यासाठी तालमीची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. काय ठरवले होते, काय घडले, कोणती जागा का टाकून दिली, कोण नट कशाला अडला, हे त्याच रात्री लिहावे. बहुतेकांचे घोडे इथे पेंड खाते. प्रयोग आटोपल्यावर वर्षभराने आठवून लिहिले की सारे काही पहिल्यापासून योजल्याप्रमाणेच होत गेले असे वाटू लागते, आणि परीक्षकाला ते चार पानांत ओळखू येते. लेखी भाग अशा पदवीत टळत नाही, आकाराने तेवढा कमी होतो : ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत जिथे एरवी सुमारे ८० हजार शब्दांचा प्रबंध लागतो, तिथे कलाकृतीसोबत साधारण ३० ते ४० हजार शब्द पुरतात. त्यात आपल्याआधी या प्रश्नाला कोणी कसा हात घातला आणि आपल्या प्रयोगांतून काय निष्पन्न झाले, हे यायला हवे. दिग्दर्शकाचे मनोगत तिथे चालत नाही.

आपल्याकडचे नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात, ते आपल्याकडे आहेत. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असून किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कोर्सवर्क त्यातच करायचे असते. अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र त्यासाठी बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र हवे आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास आपल्याला मोकळे केले जाईल, असा उल्लेख त्यात असावा लागतो. ही नियमावली प्रबंधाची भाषा बोलते. नाट्यप्रयोगाला त्यात जागा द्यायची की नाही, हे त्या त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांवर आणि खरे सांगायचे तर मार्गदर्शकाच्या धिटाईवर ठरते.

म्हणून प्रवेश परीक्षेचे शुल्क भरण्याआधी संशोधन केंद्राला एक गोष्ट लेखी विचारा : परीक्षक प्रयोग पाहणार कधी? प्रबंध तपासायला मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक असतात आणि त्यांच्याकडे प्रबंध जातो तो काम संपल्यावर; तोवर आपले नाटक उतरलेले असते, नटांपैकी एखादा बदली होऊन गेलेला असतो. तोंडी परीक्षेच्या सुमारास पुन्हा प्रयोग करायचा की पूर्ण चित्रीकरण ग्राह्य धरायचे, हे आधी ठरले नाही, तर शेवटी परीक्षकांच्या हाती फक्त कागद उरतो. कोणतेच केंद्र तयार झाले नाही, तर धवल्यांवर रूढ पद्धतीचा प्रबंध लिहून त्यात आपल्या प्रयोगांचे एक प्रकरण घालता येईल. पण ती दुधाची तहान ताकावर भागवणे होय, आणि मी आपल्या जागी असतो तर आधी वर्षभर दुसरा मार्गदर्शक शोधला असता.

आणखी एक बाब आपल्या पत्रात नाही, पण ती सर्वांत नाजूक आहे. स्वीकृत प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातात आणि जगात कुणालाही वाचता येतात. ज्या बायकांनी घरातला नातू समजून आपल्याला धवले ऐकवले, त्यांना आपला आवाज आणि नाव असे खुले झालेले चालेल का, हे त्यांच्या भाषेत समजावून विचारले पाहिजे, आणि एखादीने काही ओळी बाहेर द्यायच्या नाहीत म्हटले, तर त्या वगळल्या पाहिजेत. तालमीला बोलावलेल्या धवलारणीला मानधन द्यावे. साडीचोळीवर तिची पाठवणी करू नये.

प्रश्न : मी गांधर्व महाविद्यालय मंडळाची अलंकार परीक्षा उत्तीर्ण आहे, पण पदव्युत्तर पदवी नाही. माझ्या रोजच्या रियाजाला संशोधन मानून पीएच.डी.ला प्रवेश मिळेल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : रियाजाने जे ज्ञात आहे ते गळ्यावर चढते, संशोधनासाठी आपल्याजवळ असा एखादा प्रश्न हवा, ज्याचे उत्तर आपल्या गुरूंकडेही तयार नाही. आपण पत्रात तसा प्रश्न कळवलेला नाही. प्रवेशासाठी किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी किंवा किमान ७५ टक्के गुणांची चार वर्षांची पदवी आवश्यक असते. मंडळ ही १९३१ पासूनची मान्यवर परीक्षासंस्था आहे, पण ते विद्यापीठ नव्हे. त्यामुळे अलंकारला पदव्युत्तर पदवीशी समकक्ष धरायचे की नाही, याचे उत्तर आपण जिथे अर्ज करणार त्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून, शक्यतो लेखी, घ्यावे. नकार आल्यास आपली पदवी पाहून संगीतात एम.ए. करणे हाच सरळ रस्ता आहे.