डिफरंट, व्हेरियस, डायव्हर्स आणि डिस्टिंक्ट: कोणता शब्द केव्हा वापरावा?

‘वेगवेगळे’ या अर्थाने या चारांपैकी कोणता इंग्रजी शब्द निवडावा, असे आपण विचारले आहे. गोंधळाचे मूळ मला आपल्याच शब्दात दिसते, कारण ‘वेगवेगळे’ म्हणताना आपण कधी फरक सांगतो, तर कधी केवळ ‘अनेक’ एवढेच सुचवतो.

फरक सांगायचा असेल तेव्हा ‘डिफरंट’ वापरावा. आमच्या खान्देशातील भरिताचे मोठे हिरवे वांगे भाजीच्या लहान जांभळ्या वांग्याहून निराळे आहे, हे सांगताना ‘डिफरंट फ्रॉम’ लिहावे. ‘डिफरंट दॅन’ प्रामुख्याने अमेरिकेत आणि ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये आढळते.

रावेरच्या अनेक व्यापाऱ्यांकडे केळीचा भाव विचारला असेल, तर ते ‘व्हेरियस ट्रेडर्स’ होत. हा शब्द सहसा अनेकवचनी नामाच्या आधीच येतो, म्हणून ‘द ट्रेडर्स आर व्हेरियस’ हे वाक्य कानाला खटकते.

एकाच समूहातील वैविध्यासाठी ‘डायव्हर्स’ योग्य ठरतो. भिल्ल, पावरा, कोकणा अशा समाजांची वस्ती असलेल्या नंदुरबार जिल्ह्याला तो शोभतो. अहिराणीला मात्र मी आग्रहाने ‘डिस्टिंक्ट’ म्हणेन, कारण प्रमाण मराठीहून तिचा वेगळेपणा पहिल्याच वाक्यात स्पष्ट ओळखू येतो.