पिल्लं नेमकी कोण नेतंय?

प्रश्न : नमस्कार. आमची वस्ती निफाड तालुक्यात, नांदूरमधमेश्वरच्या बाजूला. महिनाभरापासून एक पांढरा पक्षी विहिरीजवळच्या तारेवर बसतो, डोळे लालभडक, खांद्यावर काळा डाग. उडाला की हवेत मधेच थांबतो. आमची गावठी कोंबडीची चार पिल्लं गेली. शेजारचे काका म्हणतात ससाणाच आहे, गोफणीने हाकला. काय करू?

उत्तर : ताई, गोफण आधी खाली ठेवा. तुम्ही सांगताय ती कापशी घार. कावळ्याहून लहान, वजन पाव किलोच्या आसपास, खाणं म्हणजे मुख्य उंदीर, नाहीतर टोळ-सरडे. मी एकदा हरभऱ्याच्या बांधावर बसून बघितलंय, ही वर जागच्या जागी फडफडतेय, मान खाली, मग पाय सोडले आणि पायरी-पायरीने उतरत आली, वर गेली तेव्हा नखात उंदीर, त्याची शेपटी लोंबतेय. बाभळीवर बसून सावकाश खाल्ला, मला तिथून उठावंसंच वाटेना.

काकांचंही चुकलं नाही हो, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेलं तुमचं धरण जवळ, थंडीत तिथे दलदली ससाणे येतातच, म्हणून लोक सगळ्यांनाच ससाणा म्हणतात.

पिल्लं दिवसाढवळ्या गेली असतील तर मला शिक्रा वाटतो, झाडीतून येतो आणि कळायच्या आत पसार, किंवा मग आपली नेहमीची तपकिरी घार, शेपटीला खाच असलेली. रात्री गेली असतील तर मांजर-मुंगूस बघा. काही असो, पिल्लं महिनाभराची होईपर्यंत डालग्याखाली ठेवा नाहीतर वरून जुनी शेडनेट ताणा, एवढं पुरतं.

आणि एक कळकळीची विनंती, उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनच्या वड्या टाकत असाल तर प्लीज थांबवा. तो उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो, मग घारीला तोच सोपा सापडतो आणि विष तिच्या पोटात जातं. त्यापेक्षा पिंजरे लावा. घाटेअळीसाठी हरभऱ्यात पक्षीथांबे ठोकतो ना आपण, तसेच दोन-चार उंच थांबे बांधाला ठोका, ती तिथे बसेल.

संक्रांतीनंतर बाभळीत अडकलेला मांजाही काढून घ्या. त्यात जखमी पक्षी सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन लावा.