थंड हवामानातल्या ऱ्होन पद्धतीच्या (फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यासारख्या, अनेक द्राक्षांच्या मिश्रणाच्या) रेड वाइनमध्ये ग्रनाशऐवजी सिरा जास्त का घालतात?

कारण पिकण्याची वेळ. या मिश्रणातल्या तीन द्राक्षजातींपैकी सिरा लवकर पिकते, ग्रनाश उशिरा, आणि मूर्व्हेद्र तर सगळ्यात शेवटी. थंड भागात ऊन कमी पडलं की ग्रनाशची वाइन फिकी, पातळ होते. मूर्व्हेद्र कच्चं राहिलं तर टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतला तुरट घटक) हिरवट, तुरट लागतं, आणि थोडंसं घातलं तरी ते जिभेवर जाणवतं. सिराला मात्र थंडावा मानवतो. काळ्या मिरीचा तो सुरेख वास सालीतल्या रोटंडोन या सुगंधी संयुगामुळे येतो आणि थंड हंगामात तो जास्त टिकतो.

सुरुवातीला ६५ टक्के सिरा, ३० ग्रनाश, ५ मूर्व्हेद्र धरा. आधी १०० मिलीच्या मोजपात्रात मिश्रण करा, झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा. ताजं मिश्रण हमखास फसवतं. सिराला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर मिश्रणाआधीच हवा देत दुसऱ्या पिंपात काढा. ग्रनाशचं उलट आहे, ती हवेने पटकन बिघडते, म्हणून तिची भांडी काठोकाठ भरलेली हवीत.

मूर्व्हेद्र पिकलंच नसेल तर सरळ वगळा. उत्तर ऱ्होनमधल्या कोत-रोती भागाच्या रेड वाइनमध्ये तर सिरा किमान ८० टक्के लागते, आणि जोडीला फक्त व्हियोन्ये ही पांढरी द्राक्षजात चालते.