लांबी बाजूला ठेव, पोट उघड

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा काल रात्री वाचला. रत्नागिरीहून कोल्हापुरात बर्फातून आलेले बोटाएवढे माकूल (स्क्विड) तू मोजलेस आणि सगळ्यांपुढे एकच शेरा मारलास: पिल्लं. निष्कर्ष काय, तर ट्रॉलरवाले मोठ्या माकुलाची पिल्लं ओरबाडून नेतात. वर चिठ्ठी, की काहींच्या पोटात अंड्यांसारखं दिसतंय, विषय बदलून हवाईच्या चमकणाऱ्या माकुलावर लिहू का?

विषय बदलायचा नाही. पोट उघडायचं.

तक्त्यात लांबी, वजन, परत लांबी. अरे, लांबी म्हणजे वय नव्हे! बाजारात भाव खातो तो मोठा माकूल म्हणजे युरोट्युथिस डुवाउसेली. पण उथळ पाण्यात, त्याच जाळ्यात लोलिओलस हार्डविकी ही वेगळी जात येते. प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८४९ मध्ये तिचं वर्णन केलं. ती पुरती वाढली तरी लहानच राहते. विक्रेते तिला पिल्लं म्हणोत, त्यांना टोपलीचा भाव ठरवायचा असतो. तुला जात ठरवायची आहे.

तेव्हा पोट उघड. मँटलला, म्हणजे धडाच्या मांसल आवरणाला, खालच्या बाजूने सरळ चीर दे, शाईची पिशवी सांभाळ. दोन पांढऱ्या, फुगलेल्या निडामेंटल ग्रंथी दिसतील. अंड्यांवरचं वेष्टण त्यांतून येतं. मागे अंडाशयात टपोरी, पारदर्शक अंडी असली, तर ते पिल्लू कसलं? ती अंडी घालायला आलेली मादी. नराचा पोटाकडच्या जोडीतला डावा हात बघ, शुक्राणूंच्या पुड्या मादीला द्यायला तो बदललेला असतो. लोलिओलसमध्ये हा बदल मुळापासून टोकापर्यंत असतो, डुवाउसेलीत मुळाशी साधे चूषक शाबूत राहतात. डुवाउसेलीचेही काही लहान प्राणी पक्व असू शकतात, म्हणून नुसती पक्वता पाहून थांबू नकोस. हात बघच.

हा कीस कशाला, असं वाटेल. या लहान माकुलांचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. वाढायचं, समुद्रतळाशी अंड्यांचे घोस चिकटवायचे आणि मरायचं. पुढचं पीक त्या घोसांवर उभं असतं. वाकट्यांसारखे मासे माकूलही खातात. 'वाढू द्या, मग धरा' हा सल्ला मोठ्या जातीला लागू पडेल, इथे वाढायचं काही उरलेलंच नसतं. इथे विचारायचं ते हे, की अंडी कुठे आणि कोणत्या महिन्यात पडतात, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत त्यांना कितपत आसरा मिळतो. तुझ्या चुकीच्या शेऱ्यावरून उद्या कुणी नियम केला, तर तो भलत्याच प्राण्यासाठी असेल.

कोल्हापुरात समुद्र नाही, हे मलाही पुष्कळांनी ऐकवलं. रंकाळ्यातले मासे बघा म्हणाले. मी आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला जात राहिले, बर्फातले मेलेले माकूल आणून टेबलावर उघडत राहिले. खंत एकच आहे. रात्री दिव्याखाली, पाण्यात, क्षणात रंग पालटणारा जिवंत माकूल मला कधी धड बघायला मिळाला नाही. रंगपेशींच्या भोवतीचे स्नायू मज्जातंतूंच्या हुकमावर आतली रंगाची पिशवी ताणतात, हे मी पुस्तकातच वाचलं. तरी सांगते, मेलेल्या प्राण्याच्या पोटातूनही पुष्कळ कळतं, आणि त्यावर मी वर्षं घालवली ती योग्यच घालवली. तुझ्या त्या हवाईच्या युप्रिम्नाचे प्रकाश देणारे जिवाणूसुद्धा मँटलच्या आतल्या अवयवात राहतात. तिथेही पोट उघडल्याशिवाय भागत नाही!

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत ये. ताजे नमुने आण आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकू नकोस. डोक्यातले स्टॅटोलिथ, ज्यांच्यावर रोजची वलयं पडतात, ते चुन्याचे खडे आम्लधर्मी फॉर्मॅलिनमध्ये विरघळतात, मग वय कशावरून काढणार? अल्कोहोलात ठेव. ब्लेड नवं घे, बोथट पात्याने अंडाशय फाटतं.

तुझ्या बाई