डिझायनर स्वतः काय घालते?

इंदूरच्या सुदामानगरमधून बारावीच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"ताई, मी कॉमर्सला आहे. मला फॅशन डिझायनर व्हायचंय, पण मी स्वतः अगदी साधी राहते. माझ्याकडे पाच कुडते आहेत, त्यातले दोन मावसबहिणीचे. परवा आत्या म्हणाली, 'डिझायनर व्हायचंय आणि अवतार बघा बाईसाहेबांचा!' सगळे हसले. मी मोबाईलवर मोठ्या डिझायनर बायकांचे फोटो बघते. त्यांचं कपाट, घर, चहाचे कपसुद्धा वेगळेच. मला वाटतं, आधी आपण तसं दिसायला हवं. बाबांकडे मेकओव्हरसाठी 15,000 रुपये मागितले, ते गप्पच बसले. आई फॉल-पिकोची कामं करते. ती विचारते, या बायकांचं रोजचं आयुष्य असतं तरी कसं? मला विशेष काही येत नाही. मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या कुडत्याच्या बाह्या उसवल्या आणि आईच्या जुन्या महेश्वरी साडीच्या नव्या लावल्या, एवढंच."

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर थांबले. 'एवढंच' म्हणून जे लिहून टाकलंस त्याकडे मी येणार आहे. आधी आईचा प्रश्न घेते, कारण या पत्रातला सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न तिनेच विचारलाय.

मागच्या लग्नसराईत आपल्याच शहरातल्या एका डिझायनर बाईंबरोबर मी सकाळपासून रात्रीपर्यंत एक दिवस काढला. ज्या कामाबद्दल मुलांना सांगायचं ते आपण जवळून बघितलेलं असावं, असं मला वाटतं. सकाळी साडेआठला त्यांचा मास्टरजींशी वाद चालला होता. एका ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काप, अर्ध्या इंचाने चुकला होता आणि संध्याकाळी ट्रायल होती. अकराला आम्ही एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये. तिथे त्यांनी नुसतं अस्तराचं कापड कसं घेतलं, ते तू बघायला हवं होतंस. तागा उघडायला लावला. टोक मुठीत घट्ट चुरगाळून धरलं, मूठ उघडली, सुरकुत्या किती टिकतात ते बघितलं. मग दारात नेऊन उजेडाला धरलं, मग उरेब, म्हणजे तिरकं धरून ओढलं. चार दुकानं फिरलो तेव्हा नऊ मीटर कापड पसंत पडलं. दुपारचा डबा उभ्यानेच खाल्ला. तेवढ्यात रंगाऱ्याचा फोन आला, ओढणीचा रंग दोन छटा गडद उतरलाय म्हणून. मग बिलं, जीएसटी, तीन महिने थकलेली एका गिऱ्हाइकाची बाकी, काज-बटणवाल्याचे पैसे. आपण ज्याला डिझायनिंग म्हणतो, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसणं, ते त्या दिवशी झालं रात्री सव्वानऊला. वीस मिनिटं.

आणि त्यांनी घातलं काय होतं? गडद निळा सुती कुडता. त्याला दोन मोठे खिसे, एकात इंचटेप आणि एकात खडू. डाव्या बाहीवर टाचण्या टोचलेल्या, पायात सपाट चपला. एकाच मापाचे असे सात कुडते त्यांनी शिवून घेतलेत. निळाच का, असं मी विचारलं. म्हणाल्या, मशीनच्या तेलाचे डाग दिसत नाहीत. आणि ट्रायलला मी गिऱ्हाइकाशेजारी आरशात उभी राहते तेव्हा तिची नजर माझ्या कपड्यांवर जाता कामा नये, तिच्या स्वतःच्या कपड्यांवर राहायला हवी. आरशात बघणाऱ्याची नजर कुठे जाईल, इथपर्यंत या बाईंनी स्वतःच्या कुडत्याचा विचार केलेला होता. तुझ्या आत्याला तो साधा अवतार वाटला असता.

तू बघतेस ते फोटो खोटे नसतात. पण ती त्यांच्या दुकानाची दर्शनी काच असते. काचेमागे काय चालतं, ते जुन्या-नव्या कितीतरी जणींच्या आयुष्यात बघायला मिळतं. कोको शनेल म्हटलं की लोकांना मोत्यांच्या माळा आठवतात. कामाच्या वेळी तिच्या गळ्यात फितीला अडकवलेली कात्रीही असायची. ती कागदावर फारसं काढायचीच नाही, उभ्या मॉडेलच्या अंगावरच कापड बेतायची. बाही मनासारखी बसली नाही की उसवायची, पुन्हा लावायची, पुन्हा उसवायची. मॉडेल तासन्‌तास उभी. 1971च्या जानेवारीत ती गेली तेव्हा 87 वर्षांची होती आणि पुढच्या कपड्यांची तयारी चालूच होती. मादलेन व्हिओने उरेब कापाच्या कपड्यांसाठी जगभर ओळखली जाते. ती लहान मुलगी असतानाच शिवणकामाला लागली आणि पुढे तिच्या सगळ्या कल्पना आधी एका छोट्या लाकडी बाहुलीवर करून बघायची. तुझ्या आईला सांग, उरेब पट्टी लावताना कापड जसं हातात वळतं, तोच गुण त्या बाईने अख्ख्या झग्याला दिला. आईला हे पटकन कळेल, कदाचित तुझ्याआधी.

जपानची रेई कावाकुबो फॅशन शिकलेली नाही. तिने 1969 साली स्वतःचं काम सुरू केलं आणि 1981 साली पॅरिस गाठलं. ती स्वतः वर्षानुवर्षं काळे कपडे घालत आलीय. मिउच्चा प्राडाची डॉक्टरेट राज्यशास्त्रातली आहे. व्हिव्हियन वेस्टवूड आधी प्राथमिक शाळेत शिकवायची आणि उतारवयातही लंडनमध्ये सायकलवरून कामाला जायची. आपल्याकडच्या अनाविला मिश्रा लिननच्या साड्या करतात आणि स्वतः त्याच नेसतात. या सगळ्या दिसायला एकमेकींपासून किती वेगळ्या! पण एकीनेही 'डिझायनरसारखं दिसायचं' म्हणून आधी कपडे विकत घेतले आणि मग कामाला लागली, असं झालेलं नाही. काम करता करता जे अंगाला आणि मनाला सोयीचं ठरलं, ते टिकलं. मग लोकांनी त्याला तिची स्टाईल म्हटलं.

अहिल्याबाईंचं नाव इथे कुणी घेईल, म्हणून सांगते. महेश्वरच्या मागांना त्यांनी आश्रय दिला आणि स्वतः पांढरं लुगडं नेसल्या, हे खरं. पण तो पांढरा रंग वैधव्याच्या रीतीने आला होता, आवडीने नाही. त्याला साधेपणाची निवड म्हणणं मला बरोबर वाटत नाही. तुला मात्र निवडायला मोकळीक आहे, ती वापर.

कारण कपड्यांकडे दुर्लक्ष कर, असं मी अजिबात म्हणत नाहीये. एल्सा स्क्यापारेल्लीचं बघ. 1927 च्या सुमारास तिने एक काळा स्वेटर विणून घेतला. त्यावर गळ्याशी बो बांधल्यासारखा दिसायचा, पण तो विणीतलाच होता. तो घालून ती जेवणाला गेली, आणि तिथेच बायका मागे लागल्या, हा कुठे मिळतो म्हणून. तिचा धंदा त्या स्वेटरपासून उभा राहिला. स्वतःचं अंग ही डिझायनरची पहिली प्रयोगशाळा असते. खांद्यात कुठे ओढतं, बसल्यावर काठ कुठे चढतो, पावसात कापड कसं लोंबतं, हे दुसऱ्याला घालून कळत नाही.

आता तुझं 'एवढंच'. तू दुसरीचा कुडता उसवलास आणि त्यात जुन्या साडीची बाही बसवलीस. महेश्वरीत बहुधा ताणा (उभे धागे) रेशमी आणि बाणा (आडवे धागे) सुती असतो, म्हणून ती हलकी पण जरा निसटती. शिवाय जुनी साडी घडीवर विरलेली असणार. तो भाग तू टाळलास का? काठ मनगटाला घेतलास की दंडाला? महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? यातल्या एकाचंही उत्तर तुझ्याकडे असेल, तर आत्याच्या बोलण्याला तू फार किंमत देऊ नकोस. आणि उत्तर नसेल, तर आजपासून तेच शोधायला लाग.

बाबांकडे 15,000 परत माग, पण यादी करून. चांगली कात्री. दहा मीटर मांजरपाट, म्हणजे स्वस्त जाडंभरडं सुती कापड, चुकायला. एक जाड वही, जिच्यात रोज रस्त्यात दिसलेला एक कपडा काढायचा आणि तो कसा शिवला असेल ते खाली लिहायचं. शीतलामाता बाजारात रविवारी तास दीड तास काहीही विकत न घेता फिर, नुसते हात लावून कापडं ओळख. एक फेरी महेश्वरची. धामनोदवरून बसने सकाळी निघून रात्री घरी येता येतं. तिथे 1978 मध्ये सुरू झालेल्या रेहवा सोसायटीच्या मागांवर बायका विणताना दिसतील. किल्ल्याच्या दगडातलं नक्षीकाम बघ आणि मग साडीच्या काठावर लाट, चटई, वीट ओळखता येते का बघ. उरलेले पैसे प्रवेश परीक्षेच्या अर्जाला ठेव.

प्रवेशाचं सांगते. निफ्ट ही फॅशन शिकवणारी सरकारी संस्था. तिच्या चार वर्षांच्या डिझाइन पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते, तेव्हा कॉमर्सची काळजी सोड. गणित लागतं ते तिथल्या फॅशन टेक्नॉलॉजीच्या पदवीला. परीक्षेत चित्रकल्पनेचा आणि सामान्य क्षमतेचा पेपर असतो, आणि पुढच्या फेरीत दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू करून दाखवायची असते. बाही बदलणाऱ्या मुलीला ही फेरी जड जाऊ नये. निफ्टचं एक केंद्र भोपाळला आहे. चारही वर्षांचं शुल्क मिळून काही लाखांत जातं, हे बाबांपासून लपवू नकोस. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी शुल्कात मदतीची योजना आहे, ती अर्जाच्या वेळीच नीट वाच. तिथे नाही जमलं तर सरकारी आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम अगदी कमी खर्चात होतो. मला विचारशील तर तो पदवीच्या आधी केला तरी वाया जात नाही. ज्यांना स्वतःला शिवता येतं, त्यांना मास्टरजी 'होत नाही मॅडम' म्हणून परतवू शकत नाहीत.

वैशाली शडांगुळे हे नाव ऐकलंयस का? आपल्याच मध्य प्रदेशातल्या विदिशाच्या. 2001 साली मुंबईत छोट्या दुकानापासून सुरुवात केली, हातमागाचं कापड धरून राहिल्या, त्यात चंदेरीही आली. 2021 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर, म्हणजे मापाने हाताने शिवलेल्या उंची कपड्यांच्या सप्ताहात त्यांचे कपडे दिसले. तिथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर. मधली वीस वर्षं मोज आणि बाबांनाही मोजून दाखव. ते गप्प बसले, याचा अर्थ नकार असेलच असं नाही. मेकओव्हर या शब्दावर काय बोलावं, हे त्यांना सुचलं नसेल.

आईबरोबर एक महिना रोज अर्धा तास मशीनवर बस. फॉल लावताना ती धाग्याचा ताण कसा ओळखते, पिको करताना कापड किती सैल सोडते, ते तिला बोलून दाखवायला सांग. तिला वाटेल यात सांगण्यासारखं काय आहे. तरी विचारत राहा आणि वहीत लिही.

आणि त्या बाहीचा फोटो मला पाठव. सुलट बाजूचा नको, बाही उलटी करून आतल्या शिवणीचा पाठव.